शौचाच्या जागी दुखतंय, रक्त पडतंय... डॉक्टर नेमकं काय तपासतात?

गुपचूप
नमस्कार मंडळी. हा आयडी खास याच प्रश्नासाठी काढलाय, नेहमीच्या आयडीने विचारायचं धाडस होईना. वय ३६, पुरुष, बैठं काम. बरेच आठवडे झाले, शौच होताना काच घासत गेल्यासारखं दुखतं, पण खरा त्रास नंतरचा आहे. उठून हात धुवून येईपर्यंत जरा बरं असतं आणि मग ठणका चढायला लागतो तो दीड-दोन तास उतरत नाही, तेवढ्या वेळात मीटिंग असली तर एका कुल्ल्यावर कलंडून बसतो आणि कॅमेरा बंद ठेवतो. रक्तही पडतं, लालभडक, कधी पुसताना दिसतं कधी भांड्यात दोनचार थेंब. मागच्या बाजूला बोटाला कातडीचा छोटासा कोंब लागतो.
मेडिकलवाल्याकडून मूळव्याधीचं मलम आणलं, लावलं की तेवढ्यापुरतं बधिर होतं, बाकी फरक शून्य. आता संडासला जायचीच भीती बसलीय, मग जमेल तितकं टाळतो, मग अजून कडक होतं, मग अजून दुखतं. नेटवर शोधलं तर तिसऱ्या ओळीत कॅन्सर. बायको रोज म्हणते दाखवून ये, पण खरं सांगायचं तर तपासणीच्या विचारानेच पोटात गोळा येतो.
प्रश्न असे की कुठल्या डॉक्टरकडे जायचं, ते तिथे नक्की काय करतात, आधीच एवढं दुखत असताना त्यात बोट घालणार का, आणि गेलो की लगेच ऑपरेशनच सांगतात का? कृपया टिंगल करू नका.

टंगळमंगळ
टिंगल कसली, इथले निम्मे लोक धागा चोरून वाचत असतील. मी या सगळ्यातून गेलोय त्यामुळे आत काय होतं तेवढं सांगतो, औषधाचं कुणीतरी जाणकार सांगेलच.
मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी जनरल सर्जनकडे पाठवलं. तिथे पहिला बराच वेळ नुसते प्रश्न. दुखतं ते होताना का झाल्यावर, रक्त लाल का काळपट, वरून थेंब पडतात का शौचात मिसळलेलं असतं, काही बाहेर येतं का, आलंच तर आपोआप आत जातं की बोटाने ढकलावं लागतं, वजन उतरलंय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. हे सगळं घरूनच आठवून जा, कारण ऐनवेळी माणूस 'जरा त्रास होतोय' एवढंच बोलतो आणि गप्प बसतो.
मग पडद्यामागचं टेबल. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, पँट मांडीपर्यंत खाली, वरून चादर. कपडे सगळे उतरवावे लागत नाहीत. तोंड भिंतीकडे असतं हे एक फार बरं, डॉक्टरांशी नजरानजर होत नाही, मी त्या भिंतीवरचा उडालेला रंग पाठ केला होता. डॉक्टर आधी कुल्ले हलकेच बाजूला करून नुसतं बघतात, 'आता शौचाला बसल्यासारखा थोडा जोर करा' म्हणतात. माझ्या बाबतीत एवढ्यातच त्यांना चीर दिसली आणि ते म्हणाले फिशर आहे, इतकं आवळून धरलंय की आज बोट घालत नाही, दुखणं कमी झालं की पुढच्या वेळी बघू. मी एवढा मनाची तयारी करून गेलो होतो की थोडा वेळ विश्वासच बसेना.
पुढच्या वेळी बोटाने तपासलं. ग्लोव्ह, भरपूर गार जेली, लांब श्वास सोडायला सांगतात आणि तेव्हाच बोट आत जातं. शौचाला लागल्यासारखी भावना होते, वाटतं आता इथेच होणार, पण होत नाही. मिनिटभराचा मामला. नंतर टिश्यू हातात देऊन ते पडद्याबाहेर जातात, आपण आपलं आवरायचं.

शल्यक
मी सर्जन आहे. इथे लिहितो ते माहिती म्हणून, न बघता निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण गुपचूपराव, तुम्ही जे वर्णन लिहिलंय, होताना कापल्यासारखं आणि नंतर तासभर ठणका, ते ऐकल्यावर कुठल्याही सर्जनच्या मनात पहिलं नाव फिशरचं येतं. म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. मागचा तो कोंब बहुतेक चिरेच्या टोकाशी सुजून लोंबलेली कातडी असते, लोक त्यालाच मूळव्याधीचा मोड समजून मलमं चोपडत बसतात.
आता हे दुखतं का आणि मूळव्याध बहुधा का दुखत नाही ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. गुदद्वारापासून साधारण २ सेंमी आत एक सीमारेषा आहे. तिच्या खालच्या भागाला बाहेरच्या कातडीसारख्याच नसा आहेत, टाचणी टोचली तरी कळतं. वरच्या भागाला तशी वेदना कळतच नाही. आतली मूळव्याध या रेषेच्या वर असते म्हणून रक्त पडतं पण दुखत नाही. फिशर खाली असतं म्हणून जीव जातो. आणि चीर पडली की आतला स्नायू, जो आपल्या ताब्यात नसतो, तो आखडतो, तो ठणका त्याचाच. आखडलेल्या स्नायूमुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून चीर भरत नाही, म्हणून परत दुखतं, आणि तुम्ही घाबरून शौच रोखलं की पुढचा खडा आणखी कडक येऊन तीच चीर परत उसवतो. हे चक्र तोडणं म्हणजेच उपचार, त्यात ऑपरेशन सगळ्यात शेवटी येतं.
सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जुनं झालं की आम्ही त्याला जुनाट फिशर म्हणतो. नवीन असेल तर बहुतेक वेळा शौच मऊ ठेवणं आणि शेक एवढ्यावर भरून येतं. मऊ ठेवायला चोथा वाढवायचा, पाणी वाढवायचं, इसबगोल किंवा लॅक्ट्युलोजसारखं काहीतरी डॉक्टर देतील. शेक म्हणजे टबात कोमट पाणी घेऊन त्यात १०-१५ मिनिटं बसणं, दिवसातून दोनतीनदा आणि शौचानंतर तर नक्कीच. पाण्यात डेटॉल-बिटॉल काही टाकू नका, चिरेवर आग होते आणि कातडी बिघडते ती वेगळीच. जुनाट असेल तर स्नायू सैल करणारं मलम लागतं, डिल्टियाझेम २ टक्के किंवा नायट्रोग्लिसरीन. हे बधिर करणाऱ्या मलमापेक्षा वेगळं प्रकरण आहे, ते नेमाने सहा-आठ आठवडे लावायचं असतं, दुखायचं थांबलं म्हणून चौथ्या दिवशी सोडलं की परत ये रे माझ्या मागल्या. नायट्रोग्लिसरीनने डोकं दुखतं, कधी कधी खूपच. आणि सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) वगैरे गोळ्या कुणी घेत असेल तर हे मलम अजिबात नाही, रक्तदाब धाडकन खाली येतो, लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.
मलमाने नाहीच जमलं तर बोटॉक्सचं इंजेक्शन, आणि त्याही पुढे त्या आतल्या स्नायूचा थोडा भाग कापून ताण कमी करायची छोटी शस्त्रक्रिया. दहातले नऊ किंवा जास्तच पेशंट त्याने बरे होतात, पण थोड्या लोकांना नंतर गॅस रोखता येत नाही, कुणाचं थोडंफार शौच नकळत कपड्याला लागतं, म्हणून आधी बाकीचं करून बघतात. पहिल्याच भेटीत कुणी 'उद्या ॲडमिट व्हा' म्हणालं आणि फिशर नुसतंच असेल, पू नसेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत खुशाल घ्या.
एक प्रश्न, घरात आईवडील, भाऊबहीण यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब)?

आडवातिडवा
कशाला ती चिरफाड आणि जेल्या. जाहिरातीत येतं ते चूर्ण घ्या, आमच्या ओळखीत एकाची वीस वर्षांची मूळव्याध पंधरा दिवसात गेली. या जागेचं दुखणं डॉक्टरांना दाखवलं की वाढतंच.

टंगळमंगळ
@आडवातिडवा, ती मूळव्याधच होती हे कुणी बघितलं होतं? शौच मऊ करणारं कुठलंही चूर्ण घेतलं की फिशरवाल्यालाही बरं वाटतं आणि मूळव्याधवाल्यालाही, आणि वर गाठ असेल तर तिच्यावरून पण मऊ शौच जरा सुखाने जातं. मग रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि वर्षभर निवांत. आणि असल्या चूर्णात बऱ्याचदा सोनामुखी असते, ती रोज घेऊन घेऊन पोटाला तिची सवय लागते ते वेगळंच.

रानजाई
बायकांच्या बाजूने लिहिते कारण आमच्याकडे अंगावर काढण्यात जणू स्पर्धा असते. बाळंतपणानंतर मला तिथे त्रास सुरू झाला, सगळ्यांनी सांगितलं होतं हे होतंच, बाळ थोडं मोठं झालं की जाईल. बाई सर्जनच हवी म्हणून शोधत राहिले. एक गोष्ट मला तिथे जाऊन कळली ती सांगते, डॉक्टर पुरुष असले तरी तपासताना नर्स किंवा आपली बहीण, नवरा कुणीही सोबत ठेवायला मागता येतं, आणि मध्येच 'थांबा' म्हटलं तर थांबतात. थांबायलाच हवं. मला तर डॉक्टरांनीच आधी सांगितलं की दुखलं तर हात वर करा.
माझं प्रकरण फिशरचं नव्हतं. सतत ठणकणारी गाठ होती, बाजूला, बसलं तरी दुखायचं, झोपलं तरी दुखायचं, शौचाचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि रात्री थंडी वाजून ताप आला. गळू होतं. पू काढावाच लागला, अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी नुसता ताप उतरला होता, गाठ तिथेच. त्यानंतर जखम भरली असं वाटलं आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुटकुळी, ती फुटून पाणी-पू, परत बंद, परत फुटायची, अंतर्वस्त्राला डाग. ते भगंदर. एमआरआय काढून बोगदा कुठून कुठे जातो आणि त्यात स्नायू किती सापडलाय ते बघितलं आणि मग उपचार ठरले. माझ्यात दोरा घालून ठेवला होता, सेटॉन म्हणतात, विचित्र वाटतं पण त्याची सवय होते.

शल्यक
रानजाईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय, त्यात थोडी भर. गुदद्वाराजवळच्या गळूचा पू काढल्यावर साधारण तिघांपैकी एकाला, काही ठिकाणी त्याहून जास्त लोकांना, पुढे भगंदर होतं. डॉक्टरने चुकीचं कापलं म्हणून होतं असं नाही, गळूची सुरुवातच आतल्या ग्रंथीत होते आणि तिथून बाहेर वाट पडते. भगंदरात घाई करून स्नायू कापला तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो, म्हणून एमआरआय, म्हणून दोरा. आयुर्वेदातलं क्षारसूत्र, म्हणजे औषध चढवलेला दोरा, हाही दोऱ्याचाच प्रकार, पण शिकलेल्या माणसाकडूनच.
ताप आणि ठणकणारी गाठ असेल तर त्याच दिवशी जायचं. डायबेटिस असेल तर रात्रही काढू नका, तिथला संसर्ग डायबेटिसवाल्यात भराभर पसरतो. भरपूर रक्त जाऊन चक्कर येत असेल, डांबरासारखं काळं शौच होत असेल (लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही काळं होतं, ते आधी आठवा), किंवा तिथल्या दुखण्यासोबत लघवी अडली असेल, तर ओपीडीची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत.
आणि अजून एक, अचानक रात्रीतून बाहेर निळसर, टणक, भयंकर दुखणारी गोळी आली तर ती बहुधा बाहेरच्या मूळव्याधीत गोठलेलं रक्त असतं. पहिल्या तीनेक दिवसात आलात तर भूल देऊन ती काढता येते आणि लगेच आराम पडतो. त्यानंतर आलात तर शेक आणि गोळ्या, ती आपली आपणच जिरत जाते, काढण्यात मग फारसा अर्थ उरत नाही.

निनावी
नाव न घेता लिहितोय. कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. ज्यांच्या लैंगिक संबंधात ही जागा येते, पुरुष असो वा बाई, त्यांनी ते डॉक्टरांना सांगावं. मी आधी एका डॉक्टरांकडे गेलो तर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघून गप्प बसलो आणि फिशरचं मलम घेऊन आलो. दुसऱ्या डॉक्टरांकडे सरळ सांगितलं. त्यांनी ढिम्म न हलता कापूस लावलेल्या काडीने आतून नमुना घेतला, एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी केली. गनोरिया निघाला, औषधाने गेला. गुदाशयात गनोरिया, क्लॅमिडिया झाला की पू-आव, शौचाला गेलं तरी पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, रक्त, हे सगळं होतं आणि बाहेरून बघून काही दिसत नाही. हर्पीसचे फोड दुखतात, सिफिलिसचा व्रण बऱ्याचदा दुखतच नाही. बारीक मस्से असतील तर एचपीव्ही नावाचा विषाणू. न सांगितलं तर डॉक्टर यातलं काहीच शोधायला जात नाहीत.

शल्यक
@निनावी, बरं केलंत लिहिलंत. तुम्ही काय सांगता ते पेशंट आणि डॉक्टरमध्ये राहायला हवं, आणि जो डॉक्टर तोंड वाकडं करतो तो बदलावा. फिशर बरोबर मागे किंवा पुढे मधोमध न होता बाजूला असेल, किंवा दुखत नसेल, किंवा एकाहून जास्त असतील, तेव्हा आम्ही क्रोन्स (आतड्याला सूज येणारा जुनाट आजार), टीबी, सिफिलिस, एचआयव्ही, कॅन्सर यांचा विचार करतो. 'मागे चीर दिसली' आणि 'बाजूला दिसली' यात एवढा फरक आहे, आणि तो आरशात किंवा मोबाईलच्या फोटोत कळत नाही. कृपया मला व्यनितून फोटो पाठवू नका, ही विनंती दर वेळी करावी लागते.

गुपचूप
सगळ्यांचे आभार, खूप धीर आला. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. शल्यक डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, बाबांना ४७ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता, ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहेत. हे लिहायचं राहिलं कारण माझं दुखणं खालचं आणि त्यांचं वरचं असं डोक्यात होतं. याने काही बदलतं का? माझं तर फिशरच वाटतंय ना सगळ्यांना?

शल्यक
बदलतं. सोमवारी आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, फिशरचं नंतर.
जवळच्या रक्ताच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर काहीही त्रास नसला तरी ४० व्या वर्षी, किंवा नातेवाइकाचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं बघणं) करा असं सांगतात. तुमच्या बाबतीत ते ३७ येतं. पण हा हिशोब काही त्रास नसणाऱ्यांसाठी. तुम्हाला रक्त पडतंय, तेव्हा वर्ष मोजत बसू नका. फिशर दिसलं म्हणजे रक्ताचं कारण सापडलं असं होतं खरं, पण एकाच माणसाला खाली फिशर आणि वर पॉलिप असू शकतो, दोघांचं काही वैर नाही. फिशर शांत झालं की पूर्ण कोलोनोस्कोपी, असं बहुतेक सर्जन सुचवतील. पॉलिप सापडला तर बहुधा त्याच वेळी दुर्बिणीतूनच काढतात आणि तो तपासायला पाठवतात. पॉलिपचा कॅन्सर व्हायला सहसा बरीच वर्षं जातात, म्हणूनच ही तपासणी उपयोगाची.
प्रोक्टोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी यांची गल्लत करू नका. पहिली ओपीडीतच, बोटाएवढी छोटी नळी, गुदद्वाराच्या आतला थोडाच भाग दिसतो, मूळव्याध बघायला आणि तिला रबर बँड लावायला तेवढी पुरते. दुसरी पूर्ण मोठं आतडं, दीडेक मीटर, बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देऊन. 'माझी दुर्बीण झालीय' असं पेशंट सांगतो तेव्हा आम्हाला रिपोर्ट मागावाच लागतो.

पाटीपेन्सिल
मूक वाचक, एक उपप्रश्न. माझं दुखत नाही, रक्त नाही, फक्त खाज, रात्री जास्त. यासाठी सर्जनकडे जायचं म्हणजे अति होईल का?

रानजाई
अति काही नाही, पण आधी साबण आणि ओले सुगंधी वाइप्स बंद करून बघा, मला त्वचारोगवाल्यांनी हेच सांगितलं होतं. जास्त स्वच्छता हेच बऱ्याचदा कारण असतं. नुसत्या पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं. घरात लहान मूल असेल आणि त्यालाही रात्रीच खाज सुटत असेल तर जंत बघा, औषध घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यायचं असतं. स्टेरॉइडचं मलम महिनोन्महिने लावू नका, कातडी पातळ होऊन खाज अजून वाढते. इतकं करूनही दोनतीन आठवड्यात गेली नाही, किंवा तिथे कातडी जाड, पांढरी, ओलसर दिसली तर दाखवा.

टंगळमंगळ
@गुपचूप, कोलोनोस्कोपी ठरली तर तपासणीपेक्षा आदल्या दिवशीचं औषध हीच खरी परीक्षा. दोनतीन लिटर खारट पाणी, काही ठिकाणी त्याहून जास्त. फ्रीजमध्ये गार करून स्ट्रॉने घशाच्या मागे ओढत प्यायचं म्हणजे चव कमी कळते, आणि सुरुवात व्हायच्या आधीच तिथे व्हॅसलीन लावून ठेव, तुझ्या चिरेला त्या रात्री त्याची गरज पडेल. शेवटी नितळ पिवळसर पाणी बाहेर यायला लागलं म्हणजे आतडं साफ. अर्धवट साफ झालं तर डॉक्टर परत बोलावतात आणि ते सगळं परत प्यावं लागतं, त्यामुळे शेवटचा ग्लास ओतून देऊ नकोस. झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर घरी न्यायला कुणीतरी लागतं, वहिनींना आधीच सांगून ठेव, त्या दिवशी गाडी चालवायची नाही.